आम्ही दोघी जावा आणि बारा काळ

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. पहिली घटक चाचणी झाली होती आणि आमच्यातली थोरली लेकीच्या पालकसभेसाठी चिपळूणला गेली होती. लेक पाचवीत, इंग्रजी माध्यमात. वर्गशिक्षिकेने पेपर पुढे ठेवत सहज विचारलं, मुलीचे वडील काय करतात? प्रश्न इंग्रजीत होता. थोरलीने एसटीत बसल्यापासून घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं, "हर फादर इज वर्किंग इन दोहा सिन्स फोर्टीन इयर्स." शिक्षिकेने मान हलवली आणि पुढे विचारलं, घरी अभ्यास कोण घेतं? याची तयारी नव्हती. तोंडातून निघालं, "आय ॲम नॉट नोइंग इंग्लिश."

शिक्षिका हसल्या नाहीत. मागच्या रांगेत मात्र कुणीतरी हसलं. थोरलीला ते ऐकू आलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीलाही.

परतीच्या एसटीत लेक खिडकीबाहेर बघत बसली. रात्री इशाची नमाज झाल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या ती म्हणाली, "अम्मी, पुढच्या मीटिंगला चाचीला पाठव ना."

चाची म्हणजे आमच्यातली धाकटी. ती दाराशीच होती, तिने ते ऐकलं. आणि तिला मनातल्या मनात ठाऊक होतं, की आपण गेलो तरी याहून वेगळं काही होणार नाही. त्या रात्री स्वयंपाकघरात भांडी आवरताना आम्ही दोघी फार बोललो नाही. धाकटी एवढंच म्हणाली, "भाभी, आपण शिकू या का?"

हा लेख त्या 'शिकू या का'चा आहे. आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. लिहिता हात कधी एकीचा, कधी दुसरीचा. म्हणून 'आम्ही'.

आमचं गाव वाशिष्ठीच्या काठाला. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो, शाळा झाली मराठीत, आणि दीनी किताबांपुरती उर्दू वाचता येते. थोरलीच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. धाकटी शाळेत गेली तेव्हा नियम बदलला होता. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे एकीला चार वर्षं जास्त मिळाली. पण भीती दोघींची सारखीच राहिली. दोघींनीही काळांचे तक्ते पाठ केले, परीक्षेत उतरवले आणि निकाल लागल्यावर विसरून गेलो.

गावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. आख्खा पंचक्रोशीतला एक जमाना त्यांच्या हाताखालून गेलेला. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. आम्ही सांदणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि चाचरत विषय काढला. बाईंनी डबा ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "फी पोचली. सोमवार, बुधवार, शनिवार. दुपारी तुमची जेवणं आटोपली की या."

पहिल्या दिवशी आम्ही नव्या वह्या नेल्या होत्या. वाटलं, बाई बारा काळांचा तक्ता लिहून देतील. बाईंनी विचारलं, "आज भात कुणी केला?"

धाकटी म्हणाली, "मी केला."

"रोज कोण करतं?"

"रोज भाभी करते."

"आत्ता मी तुमच्या घरी आले आणि चुलीवर भात असेल, तर काय सांगशील?"

"भात करतेय."

"उतरवून ठेवला असेल तर?"

"भात केलाय."

"आणि लाकडं ओली असतील, तासाभरापासून चुलीशी बसली असशील तर?"

"तासापासून भात करतेय, बाई, होतच नाही!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "झाले की चार प्रकार. तुला येतातच. इंग्रजी दोनच गोष्टी विचारतं. काम कधीचं, आणि काम कुठवर आलं. कधीचं याची उत्तरं तीन: आत्ताचं, मागचं, पुढचं. कुठवर आलं याची चार: नेहमीचं आहे, चालू आहे, पुरं झालंय, की कधीपासून चालतच आलंय. तीन चोक बारा. हेच तुमचे बारा काळ."

आणि त्यांनी वहीत लिहिलं: आय कुक. आय ॲम कुकिंग. आय हॅव कुक्ड. आय हॅव बीन कुकिंग. करते, करतेय, केलंय, तासापासून करतेय. शाळेत आम्ही हाच तक्ता पाठ केला होता. पण तो आपल्या चुलीवरचा आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग एकेक काळ घेतला. पहिला नेहमीचा, म्हणजे साधा वर्तमानकाळ. रोज घडणारं, सवयीचं, कायमचं खरं असणारं. सूर्य पूर्वेला उगवतो, एसटी सातला सुटते, दादी फजरच्या आधी उठतात. यातली सगळी गोम एका 'एस'मध्ये. ही, शी, इट किंवा एकच माणूस, एकच वस्तू असली की क्रियापदाला एस लागतो. आय वर्क, पण शी वर्क्स. क्रियापदाच्या शेवटी ओ, एसएच, सीएच अशी अक्षरं असली की ईएस: गोज, वॉशेस, टीचेस. शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय जातो आणि आयईएस येतो: क्राय, क्राइज. आधी स्वर असेल तर वाय जागेवर राहतो: प्ले, प्लेज.

आम्ही हा एस सारखा विसरायचो. बाई म्हणाल्या, "मराठीत मी जाते, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातात, एवढी रूपं तुम्ही न चुकता बोलता. इंग्रजीने सगळी रूपं सोडून दिली आणि एकच ठेवलंय. तेवढ्या एका पाहुण्याला जेवायला विसरू नका."

जेवणाचाच दाखला त्यांनी प्रश्न आणि नकारासाठी वापरला. 'ती शाळेत जाते का?' याचं आम्ही करायचो, 'डझ शी गोज टु स्कूल?' बाई म्हणायच्या, "एस एकदाच वाढायचा. डझने घेतला ना? मग गोला परत वाढू नका." म्हणून 'डझ शी गो'. नकारातही तसंच, 'शी डझन्ट गो'. पुढे भूतकाळात डिड आला तेव्हा हाच नियम कामाला आला. 'डिड यू वेंट' नाही, 'डिड यू गो'. भूतकाळ डिडच्या ताटात पडला, आता गोने साधंच राहायचं. हा नियम आम्ही दोघी आजही 'वाढलं का?' असंच म्हणून तपासतो.

दुसऱ्या आठवड्यात चालू वर्तमानकाळ आला आणि थोरलीने वही मिटून पालकसभेतली हकीकत सांगितली. 'आय ॲम नॉट नोइंग इंग्लिश.' बाईंनी ऐकून घेतलं. चूक काय ते लगेच सांगितलं नाही. आधी विचारलं, "मराठीत काय म्हणायचं होतं?"

"मला इंग्रजी माहीत नाही."

"आणि 'मला दोन मुलं आहेत' याचं काय करशील?"

"आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन."

बाई म्हणाल्या, "आपल्या वाक्यात शेवटी 'आहे' असतं. म्हणून आपण इंग्रजीत ॲम घालतो, आणि ॲम आला की आयएनजी ओढूनताणून आणतो. ही चूक तुझ्या मराठीने केली, तुझ्या अकलेने नव्हे. नो, लाइक, वॉन्ट, बिलीव्ह, आणि 'जवळ असणं' या अर्थाचा हॅव, ही हाताने करायची कामं नाहीत. ती मनात किंवा घरात असतात. जे डोळ्यांसमोर चाललेलं दाखवता येत नाही, त्याला सहसा आयएनजी लावायचा नाही. आय डोन्ट नो इंग्लिश. आय हॅव टू चिल्ड्रन."

'तुझ्या अकलेने नव्हे' हे ऐकलं आणि थोरलीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आपण 'ढ' आहोत. खरं तर आपण आपल्या भाषेच्या वाटेने सरळ चालत गेलेलो असतो. मधेच इंग्रजीची वाट वळलेली असते, एवढंच. कुठे वळते ते कुणी दाखवलं की पाय आपोआप वळतो.

भूतकाळाने आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं. ज्यांना ईडी लागतो ती क्रियापदं सोपी, पण त्या ईडीचेही तीन उच्चार. वॉशचं होतं वॉश्ट, क्लीनचं क्लीन्ड, आणि ज्याच्या शेवटी आधीच टी किंवा डी असतो त्याचं वॉन्टेड. आम्ही 'वॉशेड, क्लीनेड' म्हणायचो. आणि जी नियमाने चालत नाहीत ती पाठच करावी लागतात. त्यांची यादी आम्ही स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यावर चिकटवली. गो, वेंट, गॉन. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. मासे कापताना कट, कट, कट आपसूक पाठ झालं. ब्रिंगचं ब्रॉट आणि बायचं बॉट यांत मात्र आमची अजूनही गल्लत होते. बाजारातून मासळी आणली तेव्हा ती विकतही घेतलेली असते आणि घरीही आणलेली असते. मग म्हणायचं काय, यावर एकदा अर्धा तास वाद झाला.

पुढचा प्रश्न, साधा भूतकाळ कधी आणि हॅव कधी? मराठीत 'मी जेवले' आणि 'मी जेवले आहे' यांत फरक असतो, पण आपण तो पाळतोच असं नाही. इंग्रजी पाळतं. आय हॅव ईटन म्हणजे जेवण झालंय, आता आग्रह नको. जोर आत्ताच्या स्थितीवर आहे. पण वाक्यात कालचा, परवाचा, गेल्या वर्षीचा असा गेलेल्या वेळेचा शब्द आला की हॅवने निघून जायचं. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चूक, 'आय सॉ हिम येस्टरडे' बरोबर. बाईंचं सूत्र असं: काल आला की हॅव गेला.

आणि 'होते'चा फसवा खड्डा. आपण सहज म्हणतो, 'काल मी बाजारात गेले होते.' धाकटीने त्याचं केलं, 'आय हॅड गॉन टु द मार्केट येस्टरडे.' बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "बरं, मग काय झालं?"

"काही नाही. परत आले."

"मग हॅड कशाला? हॅड म्हटलं की ऐकणारा दुसऱ्या गोष्टीची वाट बघत बसतो. दोन गोष्टी मागच्या असतील आणि त्यातली एक दुसरीच्या आधी झालेली असेल, तेव्हा आधीचीला हॅड." आम्ही स्टँडवर पोचलो, त्याआधीच एसटी सुटली होती: व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट. हे वाक्य आम्हाला कधीच विसरता येणार नाही. आमच्या मार्गावर ते आठवड्यातून एकदा तरी खरं ठरतं.

भविष्यकाळाचा अभ्यास घरी ओट्यावर चालला होता. धाकटी मोठ्याने म्हणत होती, "टुमारो आय विल गो टु चिपळूण. टुमारो वी विल बाय फिश." दादी, म्हणजे आमच्या सासूबाई, तसबीह करत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पण 'टुमारो' त्यांनी मुलांकडून ऐकलेला. त्या म्हणाल्या, "उद्याचं बोलतेस ना? मग इन्शाअल्लाह कुठं गेलं?" तेव्हापासून आमच्या वहीत विलच्या प्रत्येक वाक्यापुढे इन्शाअल्लाह लिहिलेलं आहे. बाईंनी वही तपासताना ते पाहिलं आणि त्यावर लाल खूण केली नाही.

त्याच सुमारास धाकटीचा भाऊ भेटायला आला. तो मदरशात अरबी शिकलेला. आमच्या वह्या चाळून तो म्हणाला, "आपा, हे तर आमच्या सर्फसारखंच आहे." त्याने सांगितलं की अरबी क्रियापदाला काळाची मुख्य रूपं दोनच, माज़ी आणि मुज़ारे. माज़ी झालेल्यासाठी. मुज़ारे आत्ताच्यासाठीही आणि पुढच्यासाठीही. पुढचंच आहे असं ठळक सांगायचं असेल तर आधी 'स' किंवा 'सौफ' लावायचा. आम्ही ते बाईंना सांगितलं. बाई खुश झाल्या. म्हणाल्या, "इंग्रजीतही क्रियापद स्वतः दोनच काळ दाखवतं. गो आणि वेंट. पुढच्यासाठी त्याच्याकडे वेगळं रूपच नाही, म्हणून विल बाहेरून आणून पुढे उभा करतात. आपल्या 'जाईन'सारखं एका शब्दात भागत नाही." ज्या बाबतीत इंग्रजीची आम्हाला एवढी धास्ती, तिथे आपली मराठी त्याच्याहून धनवान निघाली.

विलशिवाय पुढचं बोलायच्या आणखी दोन तऱ्हा शिकलो. आधीच ठरवलेलं असेल तर गोइंग टु. दिवस-वेळ पक्की असेल तर चालू वर्तमानकाळही चालतो: ही इज कमिंग ऑन फ्रायडे. आपणही 'शुक्रवारी येतोय' म्हणतोच. पण सगळंच जुळत नाही. एके दिवशी थोरलीने धाकट्या लेकाला जेवायला हाक मारली. तोही आता इंग्रजी शाळेत. माडीवरून त्याने ओ दिली, "आय केम, अम्मी, आय केम!" आणि आला दहा मिनिटांनी. मराठीत आपण जागचं हलायच्या आत 'आलो' म्हणतो. इंग्रजीत आय केम म्हणणारा खरोखर आलेला असावा लागतो. जायच्या आधी म्हणायचं ते आय ॲम कमिंग. त्या दिवशी त्याला चूक समजावून सांगणारे आम्ही होतो. घरात इंग्रजीची चूक आम्ही दुरुस्त केली, असं पहिल्यांदाच घडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा धडा. आठवतं ना, थोरलीचं पाठ केलेलं वाक्य? 'हर फादर इज वर्किंग इन दोहा सिन्स फोर्टीन इयर्स.' यात दोन चुका आहेत, हे आम्हाला नोव्हेंबरात कळलं.

पहिली सिन्सची. मराठीत 'पासून' एकच. '२०११ पासून' आणि 'चौदा वर्षांपासून', दोन्हीकडे तोच शब्द. इंग्रजी वेगळं करतं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स: सिन्स २०११, सिन्स मंडे, सिन्स मॉर्निंग. किती काळ गेला ते सांगायचं तर फॉर: फॉर फोर्टीन इयर्स, फॉर टू डेज. खुंटी ठोकलेली जागा सांगायची की दोरीची लांबी, एवढाच प्रश्न.

दुसरी चूक क्रियापदाची. बाईंनी वहीत तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि थोरलीला समजावलं. "ही वर्क्ड इन दोहा म्हटलंस तर काम संपलं, माणूस घरी परत आला. ही इज वर्किंग इन दोहा म्हटलंस तर फक्त आत्ताचं कळलं, मागचं काहीच नाही. तुला सांगायचंय की तेव्हा सुरू झालं, मधली सगळी वर्षं चालत आलं आणि अजून संपलेलं नाही. त्यासाठी हॅज बीन. ही हॅज बीन वर्किंग इन दोहा फॉर फोर्टीन इयर्स."

थोरली त्या वाक्याकडे बघत राहिली. धाकटीही. लग्न होऊन आठ महिने झाले होते तेव्हा ते गेले. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. हिशेब केला तर चौदा वर्षांत चौदा महिने. मुलगी झाली तेव्हा फोनवर अजान दिली. बाप घरी आला की धाकटा लेक पहिले चार दिवस पाहुणा आल्यासारखा वागतो. आमच्या गावात अशी घरं मोजायला बसलं तर अर्धी वाडी मोजावी लागेल. आमचे मरहूम सासरे जहाजावर होते, त्यांच्या काळात पत्र यायला महिना लागायचा. आता रोज व्हिडिओ कॉल आहे. पण तिकडचं काम चालूच आहे आणि इकडची वाटही चालूच आहे.

थोरली हळूच म्हणाली, "बाई, आमचं घर याच काळात आहे." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगाही परदेशात असतो. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही, चहा झाला.

रात्री थोरलीने ते वाक्य त्यांना आवाजी संदेशातून पाठवलं. पलीकडून हसत उत्तर आलं, "इथं नेपाळी, फिलिपिनो, मल्याळी, सगळे आहेत. कुणी काळ बघत नाही. 'येस्टरडे आय गो' म्हटलं तरी काम होतं." मग थोडं थांबून दुसरा संदेश आला. "पण सुट्टीचा अर्ज लिहायचा असला की मला दुसऱ्याकडे जावं लागतं. चौदा वर्षं झाली. तू शिकून मला शिकव." आता शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर आमचा तिघांचा वर्ग भरतो.

जानेवारीत पुन्हा पालकसभा आली. या वेळी आम्ही दोघीही गेलो. लेक नको म्हणाली नाही, पण शाळेच्या फाटकात तिने थोरलीचा हात घट्ट धरला होता. त्याच शिक्षिका. वर्षभरात शंभर पालक पाहिलेल्या, त्यांना मागचं काही आठवत नव्हतं. घरी अभ्यास कोण घेतं, हाच प्रश्न. थोरली म्हणाली, "आय हेल्प हर ॲट होम. हर फादर हॅज बीन वर्किंग इन दोहा फॉर फोर्टीन इयर्स. शी रीड्स वेल, बट शी डझन्ट लाइक्स मॅथ्स." आणि लगेच स्वतःच थांबून म्हणाली, "सॉरी. डझन्ट लाइक." धाकटीने शेजारून कुजबुजत म्हटलं, "वाढलं होतं!" आम्हा दोघींना हसू आवरेना.

शिक्षिकाही हसल्या, पण आमच्याबरोबर. आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "अहो, मराठीत बोललात तरी चालेल. मीही मराठी शाळेतलीच आहे. मुलं इंग्रजीत बोलावीत म्हणून आम्ही वर्गात इंग्रजी धरून ठेवतो, पालकांनी घाबरावं म्हणून नाही." मग पुढची दहा मिनिटं लेकीच्या गणितावर मराठीत नीट बोलणं झालं. ऑगस्टमध्ये ते झालंच नव्हतं.

परत येताना आम्ही यावर पुष्कळ बोललो. इतके महिने काळ घोकले आणि शेवटी बोललो मराठीत, मग मिळवलं काय? आम्हाला वाटतं, हेच मिळवलं. ऑगस्टमध्येही मराठीत बोलता आलं असतं. पण तेव्हा मराठीत बोलणं म्हणजे हरणं वाटत होतं. आता दोन्ही दारं उघडी आहेत, कुठल्या दारातून जायचं ते आम्ही ठरवतो. इंग्रजी न येणं हा गुन्हा नाही, आणि येणं म्हणजे मोठेपणा नाही. पण येत नाही म्हणून आईने लेकीच्या नजरेत खाली जावं, हे आम्हाला मान्य नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो. बारा काळ एकदम धरू नका. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत आणि विलचा भविष्य, या चारांवर रोजचं बहुतेक बोलणं निभावतं. त्यानंतर हॅव, आणि सगळ्यात शेवटी हॅज बीन. दुसरं, वाक्यं आपल्या घरातली करा. आमच्या सासऱ्यांच्या पेटीत तर्खडकरांची जुनी भाषांतर पाठमाला निघाली. मराठी वाक्य घ्यायचं आणि इंग्रजी करायचं, ही तिची रीत आजही उपयोगाची आहे. फक्त वाक्यं आपली घ्यायची, मासळीची, एसटीची, पावसाची. तिसरं, एकटीने शिकू नका. जाऊ असो, नणंद असो, शेजारीण असो, चूक झाल्यावर बरोबर हसायला कुणीतरी हवं. चौथं, चूक झाली की स्वतःला दोष देण्याआधी बघा, मराठीत आपण काय म्हणालो असतो. चुकीचं मूळ बहुतेक वेळा तिथे सापडतं.

धाकटीने बी.ए. दुसऱ्या वर्षात सोडलं होतं. यंदा तिने मुक्त विद्यापीठाची चौकशी केली आहे. इन्शाअल्लाह, वहीत लिहिल्याप्रमाणे.

आणि लेक? ती त्या दिवशी एसटीत काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. रात्री थोरली मसाला निवडत बसली होती. लेक वही घेऊन आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "अम्मी, वी हॅव लिव्ह्ड हिअर, पुढं 'मेनी इयर्स' आहे. फॉर की सिन्स?"

थोरलीने हात पुसले आणि वही मांडीवर घेतली.